मुंबईची सावली साताऱ्यात: एका फॉरवर्ड पोस्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा शहर आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचा हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात निवृत्त शिक्षक, काही बागायतदार, कॉलेजची मुलं, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई ग्रुपच्या अ‍ॅडमिन. राजकारण, सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा वर्ज्य. बाकी रोजच्या जगण्यात नजरेला वेगळं काही दिसलं की टाकायचं, एवढाच नियम. त्यामुळे बहावा कोणत्या रस्त्यावर आधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, मृगाचे किडे कुठल्या रानात निघाले, विहिरीचं पाणी कितव्या पायरीला टेकलं, असं सगळं तिथे यायचं. जोडीला ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाची माहितीही यायची, दहा ग्रुप फिरून आलेली.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि कुणाकडून तरी आलेलं, दोन्ही एकाच पंगतीत. हे प्रकरण होईपर्यंत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

काय घडलं

एका वर्षी १५ मेच्या सकाळी निवृत्त कंडक्टर अण्णांनी एक पोस्टर टाकलं: ‘आज शून्य सावली दिवस. दुपारी १२.३५ वाजता तुमची सावली गायब होणार!’ खाली गावाचं नाव नव्हतं. मूळ पोस्टरवर ते असावं, पण पुढे पाठवताना कुणीतरी खालची पट्टी कापली होती.

दुपारी दीडपर्यंत ग्रुपवर तीन प्रकारचे पुरावे जमले. दोघांनी पाण्याच्या बाटलीचे फोटो टाकले: ‘खरंच गेली सावली!’ एका मुलाने बरोबर बारा वाजता गच्चीवर मीटरभर लांबीची काठी उभी करून फोटो काढला होता. सावली चांगली चार बोटांहून लांब, पश्चिमेकडे पडलेली. त्याची कॉमेंट एका शब्दाची होती: ‘फेकाफेकी.’ तिसरे एक निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी १२.३५ लाच पाहिलं होतं आणि मीटरभर दांड्याची सावली त्यांना आग्नेयेला सुमारे ३ सेंटीमीटर दिसली होती. त्यांनी फक्त आकडा आणि दिशा लिहिली, मत दिलं नाही. नेमकी त्यांचीच नोंद कुणी वाचली नाही.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सावलीवरून माणसांवर आली. ‘खोट्या पोस्टी टाकणाऱ्यांना काढा’ असं एकाने लिहिलं. एका आजोबांनी लिहिलं की त्यांच्या लहानपणी मे महिन्यात बाराच्या ठोक्याला सावली पायाखाली यायची, आता येत नाही, म्हणजे पृथ्वी कललेली दिसते. रात्रीपर्यंत हे वाक्य दुसऱ्या दोन ग्रुपांवर जाऊन पोहोचलं. चुकीची एक माहिती दुरुस्त व्हायच्या आतच तिने दुसरी जन्माला घातली होती.

गणित काय सांगतं

पुढचे निर्णय यावर उभे असल्याने हा भाग नीट पाहायला हवा.

सूर्य बरोबर डोक्यावर येण्यासाठी त्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे ते माप) आणि गावाचा अक्षांश सारखे व्हावे लागतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात क्रांती दिवसाला साधारण पाव अंशाने वाढते, म्हणून शून्य सावली महाराष्ट्रातून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. सावंतवाडीला ती मेच्या पहिल्या आठवड्यात असते, पुण्याला १३ मेच्या सुमारास, मुंबईला १५ मेच्या सुमारास, नागपूरला थेट २६ मेच्या आसपास. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश, तिथला दिवस १० मे. म्हणजे पोस्टर आलं तेव्हा साताऱ्याची शून्य सावली होऊन पाच दिवस उलटले होते.

वेळही गावागणिक बदलते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि रेखांशाच्या प्रत्येक अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. सातारा ७४ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला, म्हणजे ३४ मिनिटं मागे. मेच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या सरासरी चालीपेक्षा साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की साताऱ्याची खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, १२.३० ला येते. मुंबईची १२.३५ ला. गणित नको असेल तर आपल्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताचा मध्य काढावा. १० मेच्या सुमारास साताऱ्याला सूर्योदय ६.०३ आणि सूर्यास्त ६.५७ च्या आसपास असतो, मध्य १२.३०. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या वेळा मात्र बहुधा मुंबईच्या असतात, त्या तशाच घेऊ नयेत.

आता तिन्ही पुरावे पुन्हा पाहिले तर एकही माणूस खोटं बोलत नव्हता. १२.३० च्या आधी-नंतर सूर्य मिनिटाला जवळपास पाव अंश सरकतो, त्यामुळे मीटरभर काठीची सावली मिनिटाला ४ मिलिमीटर हलते. बारा वाजता, म्हणजे अर्धा तास आधी, ती १२-१३ सेंटीमीटर असणारच, आणि पश्चिमेलाच. शिक्षकांची नोंद तर फारच नेमकी: पाच दिवस उशीर झाल्यामुळे सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला गेला होता, म्हणून सावली २ सेंटीमीटर दक्षिणेला, आणि साताऱ्याच्या मध्यान्हीनंतर पाच मिनिटं उलटल्यामुळे २ सेंटीमीटर पूर्वेला. दोन्ही मिळून आग्नेय, सुमारे ३.

बाटलीवाले कसे फसले? २० सेंटीमीटर उंच बाटलीच्या टोपणाची सावली अशा वेळी जेमतेम ६ मिलिमीटर सरकते. टोपण अरुंद आणि बूड रुंद, त्यामुळे ती सावली बाटलीच्या अंगाखालीच राहते. खांद्याची चार-पाच मिलिमीटरची कड बाहेर येते, पण तीही पुसट, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. बाटली ठेवली तर शून्य सावली दिवस आठवडाभर साजरा करता येतो.

आजोबांच्या आठवणीचं काय? मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागचा ‘बाँबे टाइम’ वापरात होता. त्या घड्याळात मेमधली मध्यान्ह बाराच्या आसपासच यायची. आजोबांचं बालपण मुंबईत गेलं होतं. पृथ्वी होती तशीच आहे, बदललं ते घड्याळ.

कोणते पर्याय होते

अ‍ॅडमिन ताई, गणिताचे शिक्षक आणि कॉलेजातला एक मुलगा, असे तिघे त्या रात्री फोनवर बोलले. पोस्टर काढून टाकणं सर्वांत सोपं होतं. पण ते हटवलं की खालचे पुरावे संदर्भाविना लोंबकळत राहणार आणि पृथ्वी कलल्याचं वाक्य तेवढं उरणार. म्हणून ते बाद.

शिक्षकांनी लांबलचक खुलासा लिहावा असा दुसरा प्रस्ताव होता. त्याला शिक्षकांनीच नकार दिला. त्यांचा मुद्दा असा: क्रांती, अक्षांश, वेळेतला फरक एवढं एकदम टाकलं तर वाचणारे चार, आणि बाकीच्यांना वाटणार सरांनी अण्णांना झापलं.

इथून पुढे अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय काहीही टाकायचं नाही, हा तिसरा पर्याय. मुलगा त्याच्या बाजूने होता. ताईंनी व्यवहाराचा प्रश्न विचारला: रोजच्या वीस-पंचवीस पोस्टी कोण तपासणार? आणि मुंगूस दिसलं म्हणून लिहिणाऱ्या आजींना परवानगीसाठी थांबवायचं का?

चौथा पर्याय शिक्षकांच्या नोंदीतूनच निघाला. शून्य सावली गेली असली तरी सावलीने उत्तरेकडून दक्षिणेकडे बाजू बदलली आहे. साताऱ्यात १० मे ते साधारण २ ऑगस्ट मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली दक्षिणेला गेलेली किती जणांनी पाहिली आहे? हे दाखवणं शून्य सावलीपेक्षा सोपं, कारण त्यासाठी एक मिनिट आणि एक दिवस पकडावा लागत नाही. रोज थोडी वाढणारी, मोजता येणारी लांबी हाती येते. तेच ठरलं.

काय केलं

पहिलं पाऊल खाजगी होतं. ताईंनी अण्णांना फोन केला: “अण्णा, पोस्टर खरंच आहे, पण मुंबईचं आहे. आपला दिवस दहा तारखेला होऊन गेला. दुरुस्ती तुम्हीच टाकता का?” अण्णा आधी जरा घुटमळले, मग म्हणाले, “टाकतो की. पण ते बारा वाजताच्या काठीवाल्यालाही सांगा, तोही काही बरोबर नव्हता.” ही अट रास्त होती. त्या रात्री अण्णांनी मूळ पोस्टरलाच उत्तर म्हणून चार ओळी टाकल्या: पोस्टर मुंबईचं, साताऱ्याचा दिवस १० मे, साताऱ्याची मध्यान्ह १२.३०, आणि २५ मेला सगळ्यांनी मिळून सावली मोजायची. ज्या दोन ग्रुपांवर पृथ्वी कलली होती, तिथेही त्याच चार ओळी पाठवल्या.

दुरुस्ती वेगळी न टाकता मूळ पोस्टरला चिकटवली, हे महत्त्वाचं ठरलं. नंतर वर सरकून पोस्टर शोधणाऱ्याला दुरुस्तीही सोबतच दिसली.

मोजणीची सूचना दोन वेळा लिहावी लागली. पहिल्या मसुद्यात ‘सरळ काठी उभी करा’ एवढंच होतं. शिक्षकांनी हिशेब मांडला: काठी १ अंश कलली तर मीटरमागे १७ मिलिमीटर सावली वाढते किंवा घटते. सूर्याला तेवढा फरक पाडायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे सगळी चूक काठीच्या कलण्यात आहे, म्हणून काठीच काढून टाकली. अंतिम पद्धत अशी:

१. जाड पुठ्ठ्याला ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पुठ्ठा स्टुलाच्या किंवा खुर्चीच्या कडेबाहेर आडवा येईल असा वजन ठेवून पक्का करायचा. जमिनीपासून भोकाची उंची टेपने बरोबर १ मीटर.

२. भोकातून गवंड्याचा ओळंबा सोडायचा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नटबोल्ट बांधला तरी चालतो. टोक जिथे टेकेल तिथे खाली चिकटवलेल्या कागदावर खूण करून दोरा काढून घ्यायचा.

३. १२.२५ पासून दर दोन मिनिटांनी, पुठ्ठ्याच्या सावलीत उमटणाऱ्या उजेडाच्या गोल ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करायची, १२.३७ पर्यंत. एक मीटरवर ठिपका साधारण १२ मिलिमीटर रुंद पडतो. तो सूर्याचीच प्रतिमा असतो.

४. ओळंब्याच्या खुणेपासून सर्वांत जवळची खूण निवडायची. ते अंतर म्हणजे मध्यान्हीची सावली, आणि ती रेघ म्हणजे खरी दक्षिणोत्तर दिशा. फोनच्या होकायंत्रावर भिस्त ठेवायची नाही. स्लॅबमधल्या सळया त्याला फिरवतात.

५. सूर्याकडे पाहायचं नाही. लागतो तो फक्त खालचा ठिपका. पायात चपला, डोक्याला टोपी. ज्येष्ठांनी गच्चीऐवजी अंगणात मोजावं.

मोजणीचा दिवस

२५ मेला आकाश बरंचसं मोकळं होतं. नऊ ठिकाणांहून आकडे आले. त्या दिवशी सूर्याची क्रांती २०.९ अंशांच्या आसपास असते, म्हणजे साताऱ्यातून पाहता सूर्य डोक्याच्या सव्वातीन अंश उत्तरेला आणि सावली दक्षिणेला ५.७ सेंटीमीटरच्या जवळपास हवी. सात आकडे ५.२ ते ६.३ च्या दरम्यान होते.

उरलेले दोन जास्त शिकवणारे. एकाचा आकडा ८.७, दिशा नैर्ऋत्य. त्याने घाईत सव्वाबारालाच एक खूण करून काम संपवलं होतं. पंधरा-सोळा मिनिटं आधी सावली साडेसहा सेंटीमीटर पश्चिमेला असते, दक्षिणेच्या ५.७ शी तिची कर्णाची बेरीज केली की बरोबर तेवढंच येतं. दुसऱ्याचा आकडा ४.७. या घरी ओळंबा न वापरता काठी गुण्या लावून गच्चीच्या फरशीला काटकोनात उभी केली होती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला शंभराला एक असा उतार दिलेला असतो. त्याने काठी अर्ध्या अंशाहून थोडी जास्त कलली आणि १ सेंटीमीटर कमी झाला. दोन्ही आकडे ग्रुपवर ‘चुकले’ म्हणून न देता ‘असे का आले?’ या प्रश्नासह दिले गेले. त्या दिवशी सर्वांत जास्त चर्चा या दोन आकड्यांवरच झाली, आणि गच्चीच्या उताराचं उत्तर एका गवंडीकाम करणाऱ्या सदस्याने दिलं, जे तोवर ग्रुपवर कधी बोलले नव्हते.

मग उलटा हिशेब केला. सातजणांच्या आकड्यांची मधली किंमत साडेपाच सेंटीमीटर धरली तर कोन ३.१५ अंश, क्रांतीतून वजा केला की साताऱ्याचा अक्षांश पावणेअठरा अंशांच्या आसपास येतो. खरा १७.७. एक मीटर उंचीवर एक मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर सहा-साडेसहा किलोमीटर, हे लक्षात घेतलं तर पुठ्ठा आणि दोऱ्याने आपल्या गावाचं नकाशावरचं दक्षिणोत्तर स्थान दहा-पंधरा किलोमीटरच्या आत सापडतं.

परिणाम

लगेच दिसलेला परिणाम: पृथ्वी कलल्याचा विषय बंद झाला. बारा वाजताच्या काठीवाल्या मुलाने ‘फेकाफेकी’ हा शब्द स्वतःहून मागे घेतला. पुढच्या वर्षी सदस्यांनी आपापल्या गावांची यादी एप्रिलमध्येच केली: कराड साताऱ्याच्या एक-दोन दिवस आधी, महाबळेश्वर एक दिवस नंतर. १० मेला साताऱ्यात पुठ्ठ्याच्या भोकातला ठिपका ओळंब्याच्या खुणेवर येऊन बसल्याचे फोटो आले, प्रत्येकावर गाव आणि वेळ लिहिलेली.

ग्रुपने नियमही केला: प्रत्येक पोस्टमध्ये कुठे, कधी आणि कसं पाहिलं ते लिहायचं. हा नियम अर्धाच यशस्वी झाला, आणि त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. फॉरवर्ड कमी झाले हे खरं. पण दोन महिन्यांत साध्या नोंदीही आटल्या. अंगणातल्या मुंगसाबद्दल लिहिणाऱ्या आजी गप्प झाल्या. ताईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं बाई, मुंगूस किती वाजता दिसलं ते मी कुठं बघत बसू? परीक्षेचा पेपर झालाय नुसता.” नियम मग सैल केला. आता दोनच खुणा आहेत: स्वतः पाहिलं असेल तर ‘पाहिलेलं’, नाहीतर ‘आलेलं’. ‘पाहिलेलं’ला गावाचं नाव पुरतं. ‘आलेलं’ला मात्र ते कुठल्या गावाचं आणि कोणत्या दिवसाचं हे सांगता आलं पाहिजे, सांगता येत नसेल तर ते टाकायचं, पण प्रश्नचिन्हासह. आजी परतल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पोस्टर सकाळी साडेआठला आलं होतं आणि मध्यान्हीला चार तास होते. ‘हे कुठलं आहे?’ एवढा एक प्रश्न नऊ वाजता विचारला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. रात्री फोनवर बोललेल्या तिघांपैकी दोघांनी पोस्टर तेव्हाच पाहिलं होतं. दोघांनाही शंका आली होती. दुसरा कुणीतरी विचारेल म्हणून दोघेही थांबले.

शिक्षकांच्या नोंदीला दिवसभर कुणी उत्तर दिलं नाही, ही मोठी चूक. वादात जो आकडा आणि दिशा देतो त्याची पोस्ट अ‍ॅडमिनने तिथल्या तिथे वर पिन करायला हवी होती. बाटलीच्या फोटोंनाही दुपारीच ‘बाटली उचलून तिथे पेन उभं करून पाहा’ असं सांगता आलं असतं, मीटरभर दांड्याला २.९ सेंटीमीटर पडणारी सावली १५ सेंटीमीटरच्या पेनाला चार मिलिमीटर पडते, पण पेनाला रुंद बूड नसल्याने ती लपत नाही.

मोजणीसाठी २५ मेऐवजी चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन तारखा ठेवायला हव्या होत्या. एका आकड्याने सावली दक्षिणेला आहे एवढंच कळतं. दोन आकड्यांनी ती वाढते आहे हे दिसतं. २१ जूनला ती १० सेंटीमीटरपर्यंत जाते, पण साताऱ्यात तोवर ढग भरलेले असतात. परतीची शून्य सावली, २ ऑगस्टच्या सुमाराची, याच कारणाने ग्रुपला अजून मिळालेली नाही. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून आता माण आणि खटाव तालुक्यांतल्या सदस्यांना जुलैअखेरीसच पुठ्ठा आणि ओळंबा तयार ठेवायला सांगितलं आहे. ढग फाटला तर दोन मिनिटं पुरतात.